खोडवा बघितल्याशिवाय खरं नाही

माझ्या टेबलावरच्या संगणकाला पत्र्याची एक पाटी लावलेली आहे. उसाच्या चाचणी प्लॉटात वाणाचं नाव लिहून खोचतात ना, तसली. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय : 'जुना वाण. तुलनेसाठी. हात लावू नये.' ऑफिसात नवा आलेला माणूस आधी ती पाटी वाचतो, मग माझ्याकडे बघतो, आणि पाटी नक्की कोणाबद्दल आहे असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. आमच्या घरी तो प्रश्न कोणाला पडला नाही. बायकोनं पाटीचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ऑफिसनं शेवटी ओळखलं.'

पाटी लावली सुनंदा पगारे यांनी. पगारे मॅडम.

श्रीरामपूरहून बेलापूरला जाताना डाव्या हाताला आमची ऊसरोपांची नर्सरी लागते. मी तिथं बुकिंगच्या खिडकीत बसतो. कोणाला कोणत्या वाणाची किती रोपं, कधी पाहिजेत, हे लिहून घेतो. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. आमच्याकडे खिडकीमागे बसलेल्या कोणालाही भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे त्यात माझं काही कर्तृत्व नाही. मॅडम मुळात प्रयोगशाळेतल्या. बेणं म्हणजे लावायचा ऊस, त्याचे कोंब फुटायचे डोळे तपासायच्या, रोग आहे का बघायच्या. नर्सरीत पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या जवळ जायला कोणी तयार होईना. मॅडम गेल्या. नंतर तिथून त्यांना परत कोणी बोलावलंच नाही.

आता उसाची रोपं म्हणजे सगळी एकसारखी. वीतभर उंचीची हिरवी पात. त्यातलं कोणतं कुठल्या वाणाचं, कोणत्या बेणेमळ्यातून आलं, हे भल्याभल्या शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. ते फक्त ट्रेवरचं लेबल सांगतं. लेबल चुकलं तर शेतकऱ्याच्या ते वर्षा-दीड वर्षानं लक्षात येतं, आणि तोवर सगळं रान गुंतलेलं असतं. मॅडमनी सोळा वर्षांच्या बेण्याची वंशावळ संगणकात घातली होती. कोणता डोळा कोणत्या उसाचा, तो ऊस कोणत्या मळ्यातला, तिथलं बेणं मूळ कुठलं. आमच्या घरात माझ्या पणजोबांचं नाव कोणाला सांगता येत नाही. मॅडमकडे प्रत्येक रोपाचा पणजोबा होता.

त्यांना एका जागी बसलेलं मी फारच कमी पाहिलं. सुती साडी, वर प्रयोगशाळेचा पांढरा ॲप्रन, ॲप्रनच्या खिशात आठ-दहा पेनड्राइव्ह खुळखुळताहेत. पोळीत भाजी गुंडाळून ती चालता चालता खायच्या. एक घास लेबलच्या प्रिंटरपाशी, दुसरा माझ्या खिडकीपाशी, तिसरा पार शेडनेटमध्ये. चहाचा कप कुठे ठेवला ते त्यांना कधीच आठवायचं नाही, म्हणून कपावरूनच त्यांचा माग काढायचा. कप गरम असला तर मॅडम जवळपास आहेत. बोलताना त्यांची नजर तुमच्या खांद्यावरून मागच्या स्क्रीनकडे जायची, आणि तुमचं वाक्य अर्ध्यात असताना त्या निघून गेलेल्या असायच्या. उरलेलं वाक्य मी बऱ्याचदा भिंतीला सांगितलंय.

त्यांचं माहेर पुणतांब्याचं, राहायला श्रीरामपुरात. त्यांचं एक आवडतं बोलणं होतं. "आपल्या गावाच्या स्टेशनावर पाटी कोणती? बेलापूर. आणि स्टेशन कुठं? श्रीरामपुरात. म्हणून पाटी वाचून भागत नाही भाऊसाहेब, उतरून बघावं लागतं." कुठल्याही गोष्टीचं कौतुक करायला गेलं की त्या हे ऐकवत.

त्याला कारण होतं. फार पूर्वी नाही, पण आमच्या कोपऱ्यातल्या मुख्य मशिनीवर एक लिनक्स होतं. म्हणजे विंडोजसारखंच संगणक चालवणारं, पण फुकट मिळणारं आणि कोणालाही उघडून बघता येणारं. त्यातही पुन्हा उसासारखे शेकडो वाण आहेत, हे मला मॅडममुळे कळलं. ह्या वाणाचं नाव त्या नंतर कधीही घेत नसत. 'ते' म्हणत. आमच्या आत्याबाई त्यांच्या मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलताना जसं 'ते' म्हणतात, अगदी तसं. तर 'त्या'नं दहा वर्षांचा शब्द दिला होता. दहा वर्षं दुरुस्त्या येत राहतील, निश्चिंत राहा. त्या शब्दावर मॅडमनी सगळी वंशावळ त्याच्यावर चढवली. आणि दुसऱ्याच वर्षी त्यामागच्या कंपनीचं मन बदललं. शब्द मागे.

मॅडमनी सगळी माहिती पुन्हा उतरवून घेतली. त्या आठवड्यात त्या कोणाशीच धड बोलल्या नाहीत. फक्त एकदा माझ्या खिडकीशी थांबून म्हणाल्या, "मी पहिलं पीक बघून भुलले. खोडवा बघितलाच नाही."

खोडवा म्हणजे, ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो. नव्यानं लावायचा नाही, बेणं आणायचं नाही, मुळं तीच. लागण, म्हणजे पहिल्यांदा लावलेलं पीक, कोणाचीही चांगली येते. वाणाची खरी जात कळते ती खोडव्याला. मॅडमनी हे जसंच्या तसं संगणकाला लावलं. मशीन पुसून नव्यानं सगळं घालणं म्हणजे लागण. सगळं आत तसंच ठेवून नवी आवृत्ती चढवणं म्हणजे खोडवा. ज्या पेनड्राइव्हवरून घालायचं ते बेणं. नको ते जुने प्रोग्राम म्हणजे पाचट, उसाचा वाळका पाला. आमच्या ऑफिसात ही भाषा इतकी रुळली, की बाहेरून आलेल्या एका शेतकऱ्यानं 'तीन नंबरच्या मशिनीचं पाचट काढलं का' हे ऐकून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, इथं नक्की काय पिकतंय?"

विंडोज दहाचं आयुष्य संपणार आणि अकरा आमच्या जुन्या मशिनींवर चढणार नाही असं कळलं, तेव्हा मॅडमनी चाचणी लावायचं ठरवलं. एकूण नऊ मशिनी. चार वाण. प्रत्येकाला दोन मशिनी, कारण एका प्लॉटवरून निष्कर्ष काढायचा नसतो. आणि नववी माझी. शेजारी जुना वाण असल्याशिवाय नवा किती सुधारला ते कळत नाही, हे शेतीशास्त्रच आहे. माझी निवड कशावरून झाली हे मी विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं घरी आधीच मिळालेली असतात.

एके सकाळी आम्ही आलो तर प्रत्येक संगणकापुढे पत्र्याची पाटी. उबुंटू. मिंट. फेडोरा. डेबियन. खाली लागणीची तारीख.

"मॅडम, ह्यातलं चांगलं कोणतं?" प्रयोगशाळेतल्या प्रियंकानं विचारलं. प्रियंका तीस-बत्तीसची, मॅडमच्या हाताखाली तयार झालेली, आणि मॅडमइतकीच एका जागी उभी न राहणारी.

"चांगलं कोणतं हे विचारायचं नाही. कोणत्या जमिनीत ते विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "फेडोरा लई जोमदार. फुटवा बघ त्याचा. पण दर सहा महिन्यांनी नवं येतं आणि वर्षभरानं जुनं मोडावं लागतं. आपल्याकडं तेवढी माणसं कुठंयत? मिंट विंडोजवाल्याला कडेवर घेतं, पायाला माती लागू देत नाही. उबुंटूचा पाच वर्षांचा शब्द आहे, मागं कंपनी आहे, अडलं तर विचारायला दहा जण सापडतात."

"आणि डेबियन?"

"ते बोलत नाही. सगळं एक पिढी जुनं घेऊन बसतं. पण रोग पडत नाही त्याच्यावर."

तुलना कशी करायची, ह्याचीही त्यांची स्वतःची पद्धत होती. वेग मोजायचा नाही, मेमरी मोजायची नाही. त्या फक्त हाका मोजायच्या. कोणत्या प्लॉटवरून दिवसात किती वेळा 'मॅडम!' अशी आरोळी आली, ते एका वहीत. "धंद्यात चांगलं ते, ज्याच्यासाठी कोणाला ओरडावं लागत नाही," असं त्या म्हणत. पहिल्या महिन्याच्या शेवटी वही बघितली तर सगळ्यात जास्त हाका जुन्या वाणातून, म्हणजे माझ्याकडून. त्यातल्या निम्म्या संगणकासाठी नव्हत्याच असं प्रियंकानं निदर्शनास आणलं. चष्मा सापडत नाही, आज वार कोणता, असल्याही होत्या. मॅडमनी त्याही धरल्या. म्हणाल्या, "संगणक माणसासकट मोजायचा."

चाचणी दोन वर्षं चालली, आणि त्यांत आम्ही सुखानं एक सोमवार काढला नाही. काल खाली असलेली पट्टी आज वर. काल इथं असलेलं मराठी टाइप करायचं चिन्ह आज कुठे गेलं ते मॅडमला ठाऊक, आणि मॅडम शेडनेटमध्ये. लेबलच्या प्रिंटरची एक वेगळीच कथा. त्याच्या कंपनीला विंडोजखेरीज जगात काही आहे हे मान्यच नव्हतं. मॅडम त्याच्याशी तीन दिवस भांडल्या आणि शेवटी आपल्या बाजूला घेऊन आल्या.

बेण्याचा प्रसंग तर आमच्याकडे आजही पाहुण्यांना सांगतात. मॅडमनी सहा पेनड्राइव्ह एका मलमलीच्या पिशवीत बांधून प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवले आणि घाईत वर चिठ्ठी लावली : 'बेणे. प्रक्रिया करून मगच वापरावे.' त्यांच्या मनात होतं, आतलं सगळं नीट उतरलंय का ते एकदा तपासायचं. त्या आल्या कुठेतरी फिरून, तर पिशवी गायब.

आमच्याकडे बेणेप्रक्रियेचं काम कौसाबाईंकडे. बुरशी लागू नये म्हणून उसाचे डोळे औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचे. पंधरा वर्षं त्या हेच करताहेत.

"कौसाबाई, ओट्यावरची पिशवी बघितली का?"

"कंची? ती चिठ्ठीवाली व्हय? टाकीत हाय की."

"टाकीत?"

"मंग? धा मिन्टं झाली न्हाईत अजून. काढू नका."

"अहो, ते बेणं नाही!"

"चिठ्ठीवर काय लिवलंय? प्रियंकाला वाचाया लावली म्या. बेनं, आन् प्रक्रिया करावी. म्या केली." कौसाबाईंनी ओले हात पदराला पुसले. "आता ह्याला डोळा कुटं आन् मूळ कुटं ते तुमच्या तुमाला ठावं."

मॅडम चिडतील असं आम्हाला वाटलं. त्या टाकीपाशी उभ्या राहिल्या, चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. चूक लिहिणाऱ्याची." पेनड्राइव्ह धुतले, पुसले, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवले. तिसऱ्या दिवशी एकेक लावून पाहिला. सहापैकी पाच चालले. वहीत त्यांनी गंभीरपणे नोंद केली : 'उगवण त्र्याऐंशी टक्के.' कौसाबाईंनी ते सगळ्या बायांना सांगितलं. औषधाचा गुण.

एकदा त्या आमच्या घरीही आल्या होत्या. निमित्त पुतणीच्या साखरपुड्याचं. जेवणं व्हायची होती, आणि मॅडम दिसेनात. सापडल्या आतल्या खोलीत, मुलीच्या जुन्या लॅपटॉपपुढे. हळदीकुंकवाची पुडी एका हातात तशीच.

"वहिनी, हे विंडोज फार दमलंय. मिंट घालते. तुम्ही महिनाभर वापरा आणि किती वेळा मदत मागावी लागली ते मला सांगा."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. महिन्यानं मॅडमनी विचारलं, तर बायको म्हणाली, "एकदाही नाही."

मॅडमचा चेहरा उजळला. मग त्यांना शंका आली. "वहिनी, तुम्ही एरवी तरी कोणाला हाक मारता का? म्हणजे गॅस संपला, नळ बिघडला तर?"

"कोणाला मारू? ह्यांना?"

मॅडमनी मान हलवली आणि वहीतली ती ओळ खोडली. "नमुना बाद," म्हणाल्या. बायकोला ती आजवर कोणी केलेली सगळ्यात मोठी स्तुती वाटते.

हे सगळं मजेत चाललं असतं, पण मॅडमचं वय काही थांबलेलं नव्हतं. दिवाळीला त्या अठ्ठावन्न पूर्ण करणार, निवृत्त होणार, आणि नाशिकला मुलीकडे जाणार. मग हे चार वाण बघणार कोण? आमचे मालक अण्णा. माणूस सुपारी कातरत सगळं ऐकतो आणि शेवटी एकच वाक्य बोलतो. श्रावण लागायच्या आधी अण्णांनी पुण्याच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली, बाण दाखवले, ढग दाखवले.

"आणि आमची जुनी वंशावळ?" मॅडमनी विचारलं.

"काळजी नको मॅडम. आमच्या सिस्टीममध्ये नवीन सुरुवात होईल. जुना सगळा डेटा पीडीएफ करून देऊ."

मॅडम खिडकीकडून दाराकडे गेल्या, दाराकडून पुन्हा आल्या. "पीडीएफ म्हणजे उसाचा फोटो. फोटोला डोळा फुटत नाही."

त्या माणसाला ते कळलं नाही. अण्णांना कळलं.

"तुमचा दुरुस्तीचा माणूस कुठं बसतो?" मॅडमचा दुसरा प्रश्न.

"पुण्यात, पण आम्ही ऑनलाइन—"

"आमची लाइट गेली की तुमचं ऑनलाइन कुठं जातं?"

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "ताई, भांडन नको. तुमी दिवाळीला चालल्या. तुमी हाय तवर चारच काय चाळीस लावा. मला येक पाहिजे, जे तुमी नसताना चालंल. दसऱ्याला सांगा. न्हाईतर हे साहेब हायेतच."

त्या दिवसापासून मॅडमचं हिंडणं दुपटीनं वाढलं. तुलनेचे कागद एकोणीस झाले. 'मागे कंपनी आहे' हा मुद्दा त्यांनी गुणांतही लिहिला आणि दोषांतही. सकाळी उबुंटू म्हणायच्या, दुपारी त्यावर रेघ. प्रियंका वैतागली. "मॅडम, दोन वर्षं हाका मोजल्या. ज्याच्या कमी ते घ्या ना."

"त्या मी इथं असताना मोजल्यात," मॅडम म्हणाल्या. "मी दिसले की लोक हाक मारतात. मी नसताना काय होतं ते कुठं मोजलंय?" आणि कप विसरून निघून गेल्या.

श्रावणातच डेबियनची नवी आवृत्ती आली. मग त्यांनी एकेक करून चारही वाणांचा खोडवा धरला. काही पुसायचं नाही, आतलं सगळं तसंच, वर नवी आवृत्ती. त्या दिवसांत मॅडमशी कोणी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. स्क्रीनवर ओळी सरकत असायच्या आणि मॅडम मागे येरझाऱ्या घालत असायच्या, जणू आत कोणाचं तरी बाळंतपण आहे. सगळेच तगले, खरं सांगायचं तर. उबुंटूचाही खोडवा झकास आला.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या. माझ्याही. अण्णा आले. "हं, ताई?"

"डेबियन. सगळ्यांवर."

"का?"

"खोडवा लागणीइतकाच आला. वंशावळीतला एक डोळा हलला नाही. आणि दुसरं म्हणजे अण्णा, ह्याला मालक नाही. मालक नाही, म्हणजे मालकाचं मन बदलत नाही."

आम्ही सगळे आमच्या मालकांकडे बघायला लागलो. अण्णांनी सुपारीचं खांड तोंडात इकडून तिकडं केलं. "मालक न्हाई? मंग चालवतं कोन?"

"आमच्या वस्तीतल्या जयंतीला मालक कोण असतो? तरी मिरवणूक निघते, शेवटच्या माणसाचं जेवण होतं, दुसऱ्या दिवशी रस्ता झाडलेला असतो."

"भांडनं बी हुत्यात."

"होतात. हे लोक तर लेखी भांडतात. पण मिरवणूक थांबत नाही."

अण्णा हसले, हे आम्ही प्रथमच पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. लावा. पुढल्या सोमवारपासून आठ दिवस तुमी यायचं न्हाई. फोन बंद. आठ दिवसांत कोनाला तुमच्या नावानं वरडावं लागलं न्हाई, तर तुमचं खरं. वरडावं लागलं, तर पुन्याची फाइल मी सही करून ठेवलीच हाय."

मॅडमनी प्रियंकाला दोन दिवस शिकवलं, चार पानं लिहून दिली, आणि बहिणीकडे पुणतांब्याला जाते असं सांगून गेल्या.

निवृत्तीच्या समारंभाला मी नव्हतो. मला त्या आठ दिवसांनंतर लगेच टायफॉइड झाला, तो थेट दिवाळीपर्यंत. शाल-श्रीफळ, भाषणं, सगळं माझ्याविना पार पडलं आणि कोणाला काही कमी जाणवलं नाही. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या आठ दिवसांतल्या गुरुवारचं.

सोमवार, मंगळवार, बुधवार सरळ गेले. इतके सरळ की ऑफिसात चुकल्यासारखं वाटायला लागलं. गुरुवारी सकाळी जालन्याच्या एका शेतकऱ्याचा टेम्पो रोपं न्यायला आला. ट्रे लावून तयार, फक्त लेबलं छापायची. आणि प्रिंटर थांबला. दिवा चालू, आवाज नाही. प्रियंकानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. टेम्पोवाला घड्याळ बघू लागला.

मी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर, रस्त्यापलीकडे, एसटीच्या थांब्यावर मॅडम.

हातात पिशवी. थांब्यावर चांगला बाक आहे, त्या त्याच्याभोवती फिरत होत्या. पलीकडच्या चहावाल्यानं मला नंतर सांगितलं, मंगळवारपासून बाई रोज येतात, एसटीला हात करत नाहीत, दोन-तीन तास काढतात आणि जातात. पुणतांबं वगैरे काही नव्हतंच. भरलेला टेम्पो निघत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. काय अडलं असेल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या, डांबरावर एक पाऊल ठेवलं, आणि मागं घेतलं. पुन्हा ठेवलं. आमची नजरानजर झाली.

मी जन्मभर हाकाच मारत आलोय. माझं तोंड आपोआप उघडलं.

"भाऊसाहेब," मागून प्रियंका म्हणाली. ती प्रिंटरवरून मान वर न काढता बोलत होती. "तुम्ही हाक मारलीत तर सोळा वर्षांची पीडीएफ होईल. तोंड मिटा, आणि मला ते तिसरं पान वाचून दाखवा."

मी तोंड मिटलं. मग वाचायसाठी पुन्हा उघडावं लागलं. मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं : 'प्रिंटर गप्प झाला तर तो बिघडला असं समजू नये. तो बहुधा रुसलेला असतो. त्याची रांग थांबलेली असते. रांगेत अडकलेलं पहिलं काम काढून टाकावं, मग खालची ओळ टाइप करून रांग पुन्हा चालू करावी. घाबरू नये. तो फक्त चालू कर म्हणण्याची वाट बघत असतो.' खाली एक इंग्रजी ओळ होती. मी एकेक अक्षर सुटं वाचलं, प्रियंकानं टाइप केलं. माझा एक 'बी' तिला 'डी' ऐकू आला. पुन्हा केलं.

प्रिंटर कुरकुरला, आणि पहिलं लेबल बाहेर आलं.

टेम्पो फाटकातून बाहेर पडला तो थांब्यासमोरूनच वळला. मागची फळी उघडी होती, ट्रेवरची पांढरी लेबलं दिसत होती. मॅडम दोन पावलं टेम्पोबरोबर चालल्या, मान वाकडी करून वाचत. काय वाचता आलं असेल तेवढ्यात कोणास ठाऊक. टेम्पो गेला आणि त्या रस्त्यात हात रिकामे सोडून उभ्या राहिल्या. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाल्या.

अण्णा केव्हा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही. त्यांनीही रस्त्यापलीकडे पाहिलं.

"ती पुन्याची फाइल," ते म्हणाले, "परत लावून द्या भाऊसाहेब."

तेवढ्यात श्रीरामपूरची एसटी आली. पहिल्यांदाच मॅडमनी हात केला. बस थांबली, त्या चढल्या, आणि मला वाटलं, गेल्या. पण बस हलेना. खिडकीतून मला कंडक्टर दिसत होता. त्याचं तिकिटाचं मशीन अडलं असावं. तो ते तळहातावर आपटत होता. एकदा, दोनदा. मग मॅडमचा हात पुढे झाला. कंडक्टरनं आधी मान हलवली, मग मशीन दिलं. त्यांनी ते उलटं केलं, कानाशी नेलं, पाठीमागचं झाकण नखानं उचकटलं आणि कंडक्टरला काहीतरी विचारलं. ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला, मग कंटाळून त्यानं गिअर टाकला. बस निघाली. मॅडम मधल्या दांड्याला कोपर अडकवून, मशीनमध्ये डोकं घालून उभ्या होत्या, आणि कंडक्टर त्यांच्यासमोर हात बांधून, शाळेतल्या मुलासारखा, ऐकत होता.